केस नसलेलं कंदीलपुष्प

४ ऑगस्ट
सापडलं! पिंपळनेरच्या पुढच्या डोंगरात, गवताळ उतारावर. राजदीप ओरडला, "ताई, पाय उचलू नका!" माझ्या बुटाशेजारीच उभं होतं. गवताच्या पात्यासारखी बारीक पानं, समोरासमोर. कंदीलपुष्पच, पण कोणतं? पानांवरून जात ठरत नाही. अजून कळ्याच आहेत. म्हणजे थांबणं आलं.

राजदीप बोदवडचा. आम्ही दोघं एकाच सरांकडे पीएच.डी. करतो. मी जळगावात कॉलेजात शिकवून, तो पूर्ण वेळ. त्याची फेलोशिप दिवाळीत संपते.

५ ऑगस्ट
वर्गात लक्ष नाही. फळ्यावर कुळाचं नाव जुनंच लिहिलं! पूर्वी ही झाडं रुईच्या कुळात होती, आता ते कूळच कण्हेरीच्या कुळात घातलंय. एका मुलीने विचारलं, "मॅडम, झाडं तीच ना?" हो बाई, तीच.

११ ऑगस्ट
फुललं!

हिरवट नळी, खाली फुगीर. वर पाच पाकळ्या, टोकं जुळलेली — हुबेहूब कंदील. आत एक चिलट अडकलेलं. नळीतले केस वाळले की सुटेल, परागांची पुडकी घेऊन.

पण पाकळ्यांच्या कडा! इथल्या नेहमीच्या जातीत कडांना जांभळे केस असतात. इथे एकही नाही. भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिलं. गुळगुळीत. राजदीप म्हणाला, "ताई, ही नवी जात आहे." मी म्हटलं, "गप्प बस." आणि पुन्हा भिंग लावलं.

गाडी पायथ्याला राहणाऱ्या भिकुबाईंच्या अंगणात लावतो. त्या हसल्या, "काय शोधी राहिनात व माय? आठे बठ्ठं गवतच शे!" त्यांना इथे सगळं गवतच दिसतं.

१२ ऑगस्ट
सर फोटो बघून खुर्चीतून उठलेच. "पेपर लिहा! अख्खा नमुना आणा, कंदासकट." मी म्हटलं, "सर, एकच रोप आहे. एक फूल स्पिरिटमध्ये घेऊ. बाकीच्या फुलांना शेंगा धरू देत, बी पडू दे." सर म्हणाले, "एकच आहे म्हणूनच आणा."

मी नाही म्हणाले. राजदीप फोटोच बघत राहिला.

१६ ऑगस्ट
आणखी रोपं असतील म्हणून उतार पिंजून काढला. एकही नाही. पलीकडचा डोंगर राहिला — मधल्या नाल्याला पूर. जेवण जात नाही. आई म्हणते, "एका फुलापायी एवढं?" काय सांगू तिला.

२३ ऑगस्ट
खड्डा. ओल्या मातीचा ताजा खड्डा. रोप नाही.

आधी वाटलं, साळिंदर असेल. पण कडा सरळ होत्या. खुरप्याच्या.

मी विचारायच्या आत भिकुबाईंनी सांगितलं, "तुना भाऊ काल येल व्हता ना!"

राजदीपला फोन केला. त्याने खोटं सांगितलं नाही. "मीच काढलं, ताई. दिवाळीनंतर मी कुठे असेन? फोटोला कोणी जात म्हणत नाही." मी म्हटलं, "तू ती जातच संपवलीस." आणि फोन ठेवला.

२४ ऑगस्ट
त्याचे फोन. उचलले नाहीत.

३१ ऑगस्ट
रोप आता कागदावर चिकटवलेलं. कंद आक्रसलाय, फुलाचा रंग गेलाय. सर सगळ्यांना पेढे वाटत होते. पेपरवर तिघांची नावं, माझं पहिलं. राजदीपनेच तसं सुचवलं म्हणे. तो दारात उभा होता. मी त्याच्या शेजारून निघून गेले.

आणि खरं लिहायचं तर — नाव पहिलं पाहून मला आनंद झाला. त्याला शिव्या देते आणि आनंदही होतो! शी.

९ सप्टेंबर
सर रोज विचारतात, "पेपरवर सही केलीस?" नाही केली. का, तेही सांगता येत नाही. एकाच रोपावर अख्खी जात उभी करायची? माणसांत टकलं असतात, म्हणून ती वेगळी जात होत नाही. सर म्हणाले, "तू फार विचार करतेस, कामिनी." सारखी उठते, बसते. फोटो मोठे करून कडा बघते. गुळगुळीत. मग पुन्हा बघते.

१४ सप्टेंबर
पाऊस थांबलाय. नाला उतरला असेल. उद्या रजा टाकते. एकटीच जाईन.

१५ सप्टेंबर
पलीकडचा सगळा उतार कंदिलांनी भरलाय! केसवाले, बिनकेसाचे, शेजारी शेजारी. एका रोपावर तर दोन्ही तऱ्हेची फुलं. नवी जात नाही. जुनीच आहे, आणि भरपूर आहे.

गवतातच बसले. राजदीपला फोन लावला. तो घाबरत "ताई?" म्हणाला.

"सरांना मी सांगते," म्हटलं. "तू आधी इकडे ये."