खाली गाडी

सेलू. फसली १३४७. कार्तिक शु. ७
कापूस यायला लागला. नदीच्या उतारावर आज पुन्हा कोंडी. वालूरकडच्या गाड्या भरून येतात, जीनच्या गिरणीवर कापूस टाकून रिकाम्या परततात, आणि आपल्या काठाच्या घळीत समोरासमोर अडकतात. घळ एका गाडीपुरती.
मागच्या साली याच कोंडीत बायकोची गाडी अडली. बाळंतपणाला माहेरी, वालूरला होती. बाळंत होताना अडली म्हणून किसन, तिचा भाऊ, इथल्या दवाखान्यात आणत होता. पोचेपर्यंत दिवेलागण झाली. ती गेली, बाळही. मी कचेरीत मसुदे लिहीत होतो. नदी इथून फार लांब नाही.

का. शु. ९
तहसीलदारसाहेबांपुढे विषय काढला. भरली गाडी इकडे कोणी मागे घेत नाही. पहिल्या वेचणीची तर नाहीच, जुवाला हळदकुंकू लावलेलं असतं. तेव्हा रिकामीनं काठावर थांबावं, भरलीनं आधी चढून यावं. घळीच्या तोंडाशी लाल फडकं घेऊन एक माणूस. साहेब म्हणाले, "आठ रोज देखेंगे. नहीं जमा तो बंद."
मी मराठीत लिहून दिलं. दफ्तरात त्याचं उर्दू झालं.
तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "तुमी? साहेबाशी बोललाव?"

का. शु. १२
दवंडी झाली. चपराशी रहीमभाईंनी हुकूम होता तसाच पुकारला. "खाली गाडी रुके, भरी गाडी निकले." बरं वाटलं.

का. शु. १३
रहीमभाई धावत कचेरीत. "चलो मुन्शीजी, सब उलटा हो गया."
जाऊन पाहतो तो रिकाम्या गाड्या एकामागून एक घळीत उतरताहेत आणि भरल्या सगळ्या नदीत, वाळूत उभ्या. चाकं रुतलेली. सगळ्यांत पुढे वालूरचे भुजंगराव. मागच्या साली घळीतही पुढची गाडी त्यांचीच होती. तेव्हापासून त्यांना रामराम केला नाही. आज बोलावं लागलं.
"भरली असून थांबलात का?"
"हुकूमच हाय ना, मुन्शी. खाली गाडी थांबंल. आमी खाली हाव."
वरून एक जण ओरडला, "आन् आमी वर हाव! हाना रं!"
लोक हसले. मला उशिरा कळलं. उर्दूतलं खाली म्हणजे रिकामं. यांचं खाली म्हणजे खाली. कचेरीत रोज दोन्ही बोलतो, कानाला खटकलं नाही.
तिची गाडी जिथं उभी होती तिथंच माझ्या हुकमानं आणखी गाड्या उभ्या राहिल्या.

का. शु. १४
मोहर लागलेला कागद बदलता येत नाही. रहीमभाई म्हणाले, "कागज रहने दो. जबान तो मेरी है." पुन्हा दवंडी, या खेपेला मराठीत. रिकामी काठावर थांबंल. दुपारपर्यंत जमलं. भुजंगराव चढून आले, म्हणाले, "आता कसं, मानसासारकं बोललाव." मी मान हलवली. तेवढंच.

का. वद्य १
किसन जेवायला. ताटातच हात धुतला. मग,
"दाजी, एक सांगायचं ऱ्हायलंय. भुजंगबाबा त्या दिशी मागं घ्यायला तयार झाले हुते. भरली गाडी. अक्काच म्हनली, नगं बाबा, पहिल्या वेचणीची लक्ष्मी हाय, माज्यापायी मागं नगा फिरवू. थांबते मी."
"वर्षभर का नाही सांगितलंस?"
"तुमी बोलतच नव्हताव कुनाशी."
तिला वाटलं असेल, थोडंच थांबायचं आहे.
राग धरायला एक माणूस होता, तोही राहिला नाही. तिच्यावर राग येत नाही. येतोही.

का. वद्य ४
बाजाराचा दिवस, गाड्याच गाड्या. मी घळीच्या तोंडाशी उभा. वालूरकडून एक गाडी आली, वर कांबळ्याचा आडोसा. आत बाई कण्हत होती. बरोबरचा माणूस नुसता इकडेतिकडे बघत होता. गाडी भरल्यांच्या मागे लागली.
रहीमभाई फडकं धरून अडले. "मुन्शीजी, इसमें कपास नहीं. ये रिकामी, के भरली?"
"भरली," मी म्हणालो. "सगळ्यांच्या आधी."
मोठ्यानं निघालं असावं. वरचे, खालचे, सगळे बघायला लागले. भुजंगरावांची गाडी घळीत चढायला लागली होती. त्यांनी काही विचारलं नाही. खाली उतरले, बैलांच्या वेसणी धरल्या आणि गाडी मागे घेतली. भरलेली. कापसाचे दोन-चार पुंजके वाळूत पडले, कोणी उचलले नाहीत.
ते नंतर वर आले तेव्हा रामराम केला. "रामराम," म्हणाले. आणखी काही बोलायचं होतं मला.
उद्या आठ रोज संपतात. साहेब विचारतील. चालू ठेवलं तर हुकमात त्या गाडीसाठी कोणता शब्द घालायचा, सुचत नाही.
संध्याकाळी त्या बाईची चौकशी करायला दवाखान्याकडे गेलो. दाराशी तीच गाडी, बैल सोडलेले, कांबळं घडी करून ठेवलेलं. आत जाऊन विचारायचा धीर झाला नाही. परत आलो.