मोजणी कोठून सुरू केली

मी, विश्वंभर अनंत जोशी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा जोशीपण व पंचांगगणित, राहणार नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश, आज पुऱ्या शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे व कोणाच्या भिडेने नव्हे, माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवतो. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, पावसाळा निघणे कठीण. हात अजून स्थिर आहे म्हणून लेखनिक न घेता स्वतः लिहीत आहे. पूर्वी एक मृत्युपत्र केले होते, त्यात सर्व काही पुतण्यास दिले होते. ते आता रद्द समजावे. पुतण्याने रागावू नये. त्याने माझे काही वाकडे केलेले नाही.

पहिले, घर. पेठेतील राहते घर मी स्वतः कमावून बांधले आहे. माझा भाऊ यज्ञेश्वर याच्याशी वाटणी होऊन पुष्कळ वर्षे झाली, सबब त्यात कोणाचा हिस्सा नाही. मला पुत्र नाही. हे घर माझी एकुलती एक मुलगी वत्सला, सध्या तळोदे येथे सुईणपणाची नोकरी करते, हिला पूर्ण मालकीने देत आहे. तिने मला तोंडावर सांगितले आहे की घर नको. नको असल्यास तिने विकावे, पाडावे किंवा कोणास दान द्यावे. पण जे होईल ते तिच्या हाताने व्हावे, कारण तिच्या जन्मापासून तिच्या बाबतीत जे झाले ते सर्व माझ्या हाताने झाले.

घराचे कलम एवढ्यावर संपायला हवे. वकील असते तर संपवले असते. परंतु उद्या कोणी म्हणेल की म्हाताऱ्याला शेवटी भ्रम झाला, म्हणून कारण लिहून ठेवतो.

राशीचक्र गोल आहे. गोलाला सुरुवात नसते. कोठेतरी खूण धरायची आणि तेथून पहिले नक्षत्र मोजायचे. आमच्या तरुणपणी जुनी पंचांगे आकाशाशी जुळेनाशी झाली होती, आणि मी व यज्ञेश्वर दोघेही ती सुधारावीत या मताचे होतो. एकाच पाटावर बसून आम्ही गणित शिकलो. फरक पडला तो एकाच गोष्टीत. तो रेवतीच्या एका बारीक ताऱ्यापासून मोजू लागला, मी चित्रेच्या ताऱ्यावरून. दोन खुणांत चार अंशांचे अंतर.

मी चित्रा का धरली? लोकांना मी ग्रंथांतील वचने दाखवीत असे. ती वचने खरी आहेत. पण मी ती नंतर शोधली. सुरतेची सभा जोडाफेकीत मोडली त्या साली यज्ञेश्वर तेथे गेला होता. तेथून आला तो कट्टर जहाल होऊन. मी मवाळांत. त्याची मित्रमंडळी रेवती धरीत आणि चित्रावाल्यांना सरकारी जोशी म्हणत. त्याने भर वाचनालयात मला तसे म्हटले. घरी येताना माझे ठरलेले होते की मोजायचे ते चित्रेपासून. पुढील महिनाभर मी त्याची कारणे जमवीत होतो, आणि ती मिळतही गेली. यज्ञेश्वरालाही त्याच्या बाजूची मिळत होती.

आकाशाने निवाडा द्यावा म्हणून आम्ही एकदा प्रकाशा गावच्या संगमावर ग्रहण पाहायला गेलो. परातीत पाणी घेऊन त्यात सूर्यबिंब पाहत बसलो. ग्रहण माझ्या वेळेला लागले. त्याच्याही वेळेलाच लागले. खूण कोठेही धरली तरी ग्रहणाची वेळ बदलत नाही, हे आम्हा दोघांनाही आधीपासून ठाऊक होते. तरी दोघेही जिंकल्यासारखे घरी आलो.

पुढच्या चैत्रात वत्सला जन्मली. भर दुपारी. मी ओटीवर पाटी घेऊन बसलो होतो. माझ्या गणिताने चंद्र मुळाच्या तिसऱ्या चरणाच्या शेवटाला होता. यज्ञेश्वराच्या गणिताने तो मूळ ओलांडून नुकता पूर्वाषाढांत शिरला होता. मूळ म्हणजे बापाला आणि सासऱ्याला वाईट. पूर्वाषाढा म्हणजे काहीच दोष नाही.

आमचे बोलणे बंद असतानाही यज्ञेश्वर त्या दिवशी आला. म्हणाला, "दादा, या एका पत्रिकेपुरता माझ्या बाजूने मोज. मी कोणाला सांगणार नाही."

मी म्हणालो, "स्वतःच्या मुलीसाठी गणित फिरवणारा जोशी मी नव्हे."

हे बोलणे पेठेत पसरले. लोकांनी माझी वाखाणणी केली की पोटच्या पोरीलाही सोडले नाही. माझ्याकडे येणारी गिऱ्हाइके वाढली. हे घर त्या नावलौकिकावर उभे राहिले आहे, आणि म्हणूनच ते तिचे आहे.

शास्त्राप्रमाणे ते नक्षत्र पुन्हा येईपर्यंत मी मुलीचे तोंड पाहिले नाही. माझी पत्नी रेवाबाई पडद्याआड तिला पाजीत असे, मी अलीकडून आवाज ऐके. मूळशांतीच्या विधीच्या दिवशी वाटीतल्या तेलात तिचे प्रतिबिंब आधी पाहिले, मग तोंड. त्याआधी मला चार दिवस हिवताप आला होता. लोक म्हणाले, मुळाचा गुण. शांतीनंतर मी बरा झालो. लोक म्हणाले, शांतीचा गुण. मीही तसेच म्हणालो.

लग्नाच्या वेळी नाशिकचे एक चांगले स्थळ आले. मुलाच्या वडिलांनी नक्षत्र विचारले. मी "मूळ" म्हणालो. त्यांनी पानाचे तबक बाजूला सारले. आतून रेवाबाईचा आवाज आला, "भावोजींच्या पंचांगाने तसं नाही ना?" मी सर्वांदेखत म्हणालो, "या घरात पंचांग एकच आहे." पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "तुमचं गणित चुकत नाही हे मला माहीत आहे. पण ते तुम्ही सुरू कुठून केलंत?" मी तिला संस्कृत वचन म्हणून दाखवले. तिला संस्कृत येत नव्हते, हे जाणून म्हणून दाखवले.

शेवटी ज्याला बाप नाही असा वर शोधला. धुळ्याच्या कचेरीतील कारकून, चाळिशी उलटलेला बिजवर. त्याच्यात मी दुसरे काही पाहिले नाही. चौथ्या वर्षी तो तापाने गेला. पेठेत बोलले गेले की मुळाला सासरा सापडला नाही म्हणून नवऱ्यावर गेले. मीही मनात तेच म्हटले. एकोणीस वर्षांची मुलगी माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती आणि मी मनात म्हणत होतो की माझे गणित बरोबर आले.

न्हाव्याला बोलावणे गेले तेव्हा वत्सलेने दार आतून लावून घेतले आणि रेवाबाई दाराबाहेर उभी राहिली. मला म्हणाली, "आता यात पडू नका." मी पडलो नाही. माझ्या हातून मुलीचे एवढे एकच बरे झाले, तेही काही न केल्याने. पुढे वत्सला पुण्यास जाऊन सुईणपण शिकली. रेवाबाई सहा वर्षांपूर्वी वारली. तिचे दागिने, म्हणजे पुतळ्यांची माळ, पाटल्या व नथ, तिच्या इच्छेप्रमाणे वत्सलेचेच आहेत. ते मी देत नाही, फक्त कपाटाची किल्ली देतो.

गेल्या कार्तिकात गाठीचे निदान झाले आणि मी तळोद्यास गेलो. तेथील लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येत की तुमची मुलगी बाळाची वेळ सांगत नाही, पत्रिका कशी करावी? मीही तिला आधी तेच विचारले. ती म्हणाली, "नाना, मूल येताना माझे दोन्ही हात गुंतलेले असतात. मी घड्याळ बघत नाही."

मी तिच्यासाठी नवी पत्रिका करून नेली होती, रेवतीपासून मोजून. म्हटले, "वत्सले, मी चुकलो. तू मुळावरची नव्हतीस."

तिने कागद उघडला नाही. म्हणाली, "म्हणजे मला उगाच शिक्षा झाली, असंच ना?"

"हो."

"आणि जी खरोखर मुळावर जन्मली असेल, तिला झाली तर ती उगाच नाही?"

मी कागद तिच्या हातून परत घेतला. ती म्हणाली, "तुम्ही आणि काका तीस वर्षं भांडलात ते चार अंशांवरून. मूळ वाईट, यावर तुमचं दोघांचं एकमतच होतं. त्यावर कुणी भांडलंच नाही." मग तिने मला चहा दिला आणि एका बाळंतिणीकडे निघून गेली. मी नवी पत्रिका परत घेऊन आलो.

दुसरे. हे लिहायला मला फार जड जाते. ब्राह्मणपुरीचे मोतीलाल पाटील यांची मुलगी जसोदा हिला मीच जन्मतः मूळ लिहिले होते. गेल्या माघात तिचे प्रकाशाचे स्थळ त्यावरून अडले. मोतीलाल माझ्याकडे आले. म्हणाले, "महाराज, तुम्हना भाऊ म्हणस, पोर मुळमा नई शे. तुम्ही बी तसंच लिखी द्या. एक कागदनी तं गोट शे. सोयरा वाट देखी ऱ्हायनात."

कागद लिहिणे सोपे होते. पण तळोद्याचे बोलणे ताजे होते. मी म्हणालो, "पाटील, मी आता कोणत्याच बाजूने लिहिणार नाही. मूळ नक्षत्रात दोष असतो असे मला ठाऊक नाही. कधीच ठाऊक नव्हते. धरून चाललो होतो. मी स्वतः त्यांना तसे सांगतो."

मी बैलगाडीने प्रकाशास गेलो. मुलाच्या वडिलांनी सर्व ऐकून घेतले. ते शांतपणे म्हणाले, "तीस साल तुम्हीच सांगं, मूळ वाईट. आते म्हणतस, ते काही नई. मंग तुम्ही कवय खरं बोलनात, तवय का आते?" माझा शब्द त्यांना मीच शिकवला होता, आणि तो आता माझ्याच्याने काढून घेता येत नव्हता. सोयरीक मोडली.

मोतीलाल माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "तुम्हनी पोर तुम्हना गणितमा गयी. मन्ही पोर आते तुम्हना पश्चात्तापमा जाई ऱ्हायनी."

ते खरे आहे. तो कागद मी लिहून दिला असता तर जसोदा आज सासरी असती. आणि न लिहिता मी कोणते सत्य राखले, की पुन्हा एकदा, आता दुसऱ्याच्या मुलीच्या जिवावर, माझे नाव राखले, याचा उलगडा मला झालेला नाही. मी मरेपर्यंत तो होईल असे दिसत नाही. सबब, गावाबाहेरची आमराई मी जसोदेच्या नावे करीत आहे, तिच्या बापाच्या किंवा होणाऱ्या नवऱ्याच्या नव्हे. मोतीलालांनी ती झिडकारली तर आमराईच्या उत्पन्नावर जसोदा सज्ञान होईपर्यंत वत्सलेने लक्ष ठेवावे. मी हे वत्सलेला विचारलेले नाही. ही माझी आणखी एक आगळीक.

तिसरे. दुर्बीण, शंकू, घटिकापात्र व ग्रहणांची कोष्टके यज्ञेश्वरास द्यावीत. वाचनालयात तो मला जे बोलला त्याबद्दल माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हेही त्याला कळवावे. त्याला वाचनालयातून काढण्याचा ठराव मीच मांडला होता, त्याबद्दल मी क्षमा मागतो. त्याने माझ्या मुलीसाठी माझ्या दारात पाऊल ठेवले होते. मी तिच्यासाठी त्याच्या दारात कधी गेलो नाही.

चौथे. माझ्या हातच्या पत्रिका ज्यांच्या घरी आहेत त्यांनी त्या फाडाव्यात, अशी विनंती आहे. दुसऱ्या बाजूने मोजून नव्या करून घेऊ नयेत. लोक ऐकतील असे वाटत नाही. तरी लिहितो.

पाचवे. शेजारच्या पन्हाळीचे पाणी माझ्या भिंतीवर पडते. हा तंटा आता वत्सलेने चालवू नये.

शेवटचे. मुळावरची मुलगी बापाला खाते, असे या पेठेत मी स्वतः पुष्कळांना सांगितले आहे. माझे प्रेत बाहेर निघेल तेव्हा लोक आधी वत्सलेकडे पाहतील. म्हणतील, इतकी वर्षे लागली, पण शेवटी झालेच. सबब स्पष्ट लिहितो. मला पोटाची गाठ आहे. माझ्या वडिलांना तशीच होती, आणि त्यांना मुलगी नव्हती. मी म्हातारा होऊन, पोटभर जेवून, नावलौकिक भोगून मरत आहे. माझ्या मरणात माझ्या मुलीचा काहीही हात नाही. हे कलम घराच्या व दागिन्यांच्या कलमांआधी, जमलेल्या सर्व मंडळींपुढे मोठ्याने वाचावे. ती तेथे नसली तर ती येईपर्यंत थांबावे आणि तिच्यादेखत वाचावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि खालील साक्षीदारांसमोर सही केली.

नंदुरबार, तारीख १९ एप्रिल १९३९

सही: विश्वंभर अनंत जोशी

साक्षीदार:

१. रतिलाल छगनलाल वाणी, राहणार नंदुरबार. जोशीबुवांनी आमच्या समक्ष सही केली.

२. डॉक्टर भास्कर दिनकर राजे, राहणार नंदुरबार. लिहिणाऱ्याची बुद्धी शाबूत आहे. आजार पोटातील गाठीचा असून त्यास दुसरे कोणतेही कारण नाही, हे त्यांच्या विनंतीवरून येथे नमूद करतो.