फेरतपासणीला स्वतः हजर राहावे

आवं कारभारी,

मी कोण ते आठवतंय का? नसेल आठवत तर राहू द्या. शेवटची दोन वर्षं तुम्ही मला 'मावशी' म्हणायचात, तेवढी ओळखही पुरे. पण गंमत ऐका. तुम्ही सगळ्या गावाला विसरलात, आणि ज्यांनी तुम्हाला कधी ओळख दिली नाही, त्यांना आता तुमची आठवण आलीय. सरकारचं पत्र आलंय, तुमच्या नावानं. तुम्हाला जाऊन तिसरं वर्ष लागलं आणि त्यांना आत्ता तुमची तब्येत बघायचीय.

सूनबाईनं वाचून दाखवलं. 'आपल्या अनुदानाच्या अर्जाची फेरतपासणी येत्या गुरुवारी आहे. स्वतः हजर राहावे. हजर न राहिल्यास आपणांस गरज नाही असे समजण्यात येईल.' मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं, तरी तेच निघालं.

म्हणून हे पत्र. मी सांगतेय, सून लिहितेय. मी 'न्हाई' म्हटलं की ती 'नाही' लिहिते, आणि तिच्याविषयी काही बोलले की पेनातली शाई संपते. तेवढं समजून घ्या.

मला राग आलाय. तुमचाही आणि त्यांचाही. तुमचं आधी उरकते.

सुरुवात कशी झाली, सांगू? आपली गाय सोडायला गेलात आणि शेजाऱ्यांची आणून बांधलीत. वर मलाच म्हणालात, "ही कवाधरनं शिंगं वाकडी करून बसली?" मी हसले. गाव हसलं. मग धोतर कसं नेसतात ते गेलं. मग एका दुपारी घरातनं निघालात ते पिंपरी पेंढारच्या वाटेवर कोणाच्या तरी उसात सापडलात, पायात काटे, हातात माझी फणी. फणी कशाला घेतलीत हो? अजून कोडं आहे मला.

लेक चाकणला कंपनीत, सून अंगणवाडीत, मी कांद्यात. तुमच्याजवळ दिवसभर बसायला घरात माणूस नव्हतं. कोणीतरी सांगितलं, अशा आजाऱ्याच्या घराला सरकार मदत देतं, त्यातनं एक बाई ठेवता येईल. मी म्हटलं, देव पावला.

कचेरीत जायचं म्हणून मी तुम्हाला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, दाढी करवली, लेकाच्या लग्नातली टोपी घातली. सरकारपुढं जायचं तर माणूस माणसासारखा दिसायला नको? अक्कल गहाण ठेवली होती मी. नवरदेव सजवून तपासायला नेला.

बाकावर पंधरावीस माणसं. टेबलाशी कारकून, त्याच्यामागं तपासायचे डॉक्टरसाहेब. कारकुनानं विचारलं, "नाव?"

तुम्ही छताच्या पंख्याकडं बघत बसलात. खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आता दिसेल ह्यांना.

कारकून माझ्याकडं वळला. "बाई, तुमी सांगा."

"ह्यांचं?"

"मग माझं सांगताय का?"

"कागदावर हाये की."

"तोंडी पायजे. नवऱ्याचं नाव माहीत न्हाई का तुमाला?"

आता ह्या पोराला काय सांगू? उखाण्यात गुंडाळल्याशिवाय ते नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. सूनबाई, इथंही ते लिहू नकोस, जागा मोकळी सोड. पण तो पुढच्याला हाक मारायला लागला, तशी मी पदर सावरला आणि घेतलं:

"कचेरीच्या बाकावर बसून धरली पाठ, ……रावांचं नाव घेते, सोडा आमची वाट."

बाकावरची माणसं हसली. हसू देत. पण तुम्ही? तुम्ही ताठ झालात. टोपी नीट केलीत. सहा महिने ज्यांना स्वतःचा हात कुठं ठेवावा कळत नव्हतं ते तुम्ही उठून उभे राहिलात आणि माझ्याकडं बघून म्हणालात:

"कांद्याला पाणी सोडतो वाफ्या-वाफ्यात, यशोदेचं नाव घेतो चारचौघांत."

बाकानं टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू. तुम्ही माझं नाव लग्नात घेतलं होतंत, त्यानंतर ते थेट त्या कचेरीत. विसरायचा एकच दिवस होता तुम्हाला, एकच, आणि नेमकं तेव्हा आठवलं. असा वैरीपणा कोणी करतं का?

डॉक्टरसाहेब पुढं आले. "आज्जी, ह्यांना इसरायला होतं म्हणता? बाबा तर फक्कड हायेत, राव." आणि लिहिलं. घरी आल्यावर सूनबाईनं वाचलं: 'स्मरणशक्ती उत्तम. प्रश्नांना काव्यात उत्तरे देतात. अर्ज नामंजूर.' एक प्रश्न विचारला होता त्यांनी, तोही तुम्हाला आला नव्हता.

अकरा वाजता हे झालं. तीनला आपण एस.टी.च्या थांब्यावर बसलो होतो. तुम्ही माझ्यापासून हातभर सरकलात आणि अगदी अदबीनं विचारलंत, "बाई, तुमी कोणाच्या?"

साहेब तेव्हा कुठं होता? तो जेवून टेबलाशी बसला असेल. मला उठून परत जायला हवं होतं, तुम्हाला तसंच धरून, त्या टेबलाशी. मी गेले नाही. गाडी आली म्हणून गाडीत चढले. ह्याचा राग माझा माझ्यावर आहे, तो तुम्ही घेऊ नका.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. मी कांद्यात जाताना बाहेरनं कडी घालायचे. दोन वर्षं घातली. आतनं तुम्ही दार वाजवायचात, "दार उघडा ओ, माझी बायको घरी वाट बघत आसंल." मी दाराच्या ह्या बाजूला उभी असायचे, विळा हातात. आत येऊन सांगू काय, मीच ती म्हणून? सांगून बघितलं होतं. तुम्ही म्हणालात, "ती म्हातारी न्हाई."

माफी मागत नाही मी. चार दिवसांच्या तापात गेलात तेव्हा दार उघडं होतं आणि मी आत होते, एवढं सांगते.

आता काल काय झालं ते ऐका. माझी मावसबहीण गोदा आली, पिंपरी पेंढारची. तिच्या मालकांचं तुमच्यासारखंच झालंय. तिलाही गुरुवारचं पत्र आलंय. मला म्हणते, "आक्का, आठ दिस झालं, त्यास्नी नाव पढवतेय. चारचौघांत आब राहिला पायजे ना?" पोरासारखं घोकून घेतेय बिचारी. नवीन धोतरही आणलंय.

मी म्हटलं, "गोदे, आब घरी ठेव. धोतर पेटीत टाक आणि दाढी करू नको."

"लोक काय म्हणतील?"

"लोक तुझ्या दाराला कडी घालायला येणारेत का?"

तिनं तोंडाला पदर लावला. कडीचं तिच्याकडंही सुरू झालंय, हे तेव्हा कळलं मला.

तर कारभारी, शब्द देते. गुरुवारी मी जाणार. तुम्हाला हजर राहायला सांगितलंय ना, तुमचा मृत्यूचा दाखला त्या टेबलावर ठेवते आणि म्हणते, करा फेरतपासणी. तुमच्या नंबराला गोदाचे मालक बसतील. अकराला त्यांना आत जाऊ देणार नाही. साहेबाचं जेवण होऊ दे, सावली फिरू दे, माणूस थकू दे. तीन वाजले की मग समोर बसवीन, आणि एका प्रश्नावर उठायला लागला तर साहेबाचा हात धरून खाली बसवीन. गोदाला उखाणा घेऊ देणार नाही. नाव मी सांगेन. दुसरीच्या नवऱ्याचं घ्यायला काय लाज?

तुमच्या दाराबाहेरची,
यशोदा
(अंगठा)

सूनबाई, अंगठा झाला, आता हे तुझ्यासाठी. गुरुवारी सकाळी गोदाकडं डबा पाठव, दिवस लांब जाणार आहे. बाजरीच्या सहा भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि तिच्या मालकांना दात नाहीत, त्यांना मऊ गुरगुट्या भात, दही कालवून. साहेब आशेनं बघेल, त्याच्यापुरतं काही घालू नकोस.