फाटलं होतं कुठे?

४ जानेवारी
दुकानाचं ऑनलाइन पेज काढायला बाबा हो म्हणाले! म्हणजे “कर काय ते, पण मला त्या फोनकडे बघायला लावू नकोस” असं म्हणाले. बाबांच्या भाषेत हा होच. मुदत मार्चअखेरपर्यंत. तोवर कामं आली नाहीत तर शटर कायमचं खाली. चाळीस वर्षांचं रफूचं दुकान, आणि काल दिवसभरात आलं कोण? शेजारचा इस्त्रीवाला. तोही किती वाजले विचारायला.

९ जानेवारी
अकरा फॉलोअर्स. त्यात मी, आत्या आणि एक सोफे विकणारी कंपनी.

अडचण अशी की दाखवू काय? केकवाले केक दाखवतात. बाबांचं काम चांगलं झालं की ते दिसतच नाही! एका बाहीचा फोटो टाकला, तर कुणीतरी विचारलं, “कोट विकायचा आहे का?” कपाळावर हात मारून घेतला.

१५ जानेवारी
आज फोन अगदी जवळ धरून बाबांच्या हातांचं शूटिंग केलं. राखाडी पँट, सिगारेटने पडलेलं भोक. त्यांनी आतल्या शिलाईतून त्याच कापडाचे धागे काढले आणि विणत गेले – एक उभा, एक आडवा, एक उभा. मोठं करून बघितलं आणि मी थक्क झाले. इतकी वर्षं या माणसासमोर बसून जेवतेय, आणि हे कधी बघितलंच नव्हतं! शेवटी अंगठा फिरवला आणि भोक गेलं. कुठे होतं तेही मला सांगता येईना. डोळे भरून आले.

“रडतेस काय? पँट आहे ती.”

आत्याला व्हिडिओ पाठवला. म्हणाली, “तुझी आईपण अशीच बघत बसायची गं. शिकायचं होतं तिला. त्याने कधी सुईला हात लावू दिला नाही.” मी सहा वर्षांची असताना आई घर सोडून गेली. तेव्हापासून आमच्याकडे तो विषय बंद.

१६ जानेवारी
सुचलं! फक्त रफूनंतरचा फोटो टाकायचा. गिऱ्हाइकाला विचारून. आणि खाली एकच प्रश्न – फाटलं होतं कुठे?

२ फेब्रुवारी
चार हजार!! फोटोवर गोल काढून काढून पाठवतायत लोक. सगळे चूक!

एक सोडून. नाव नाही, फोटो नाही. मी तिला घार म्हणते. “डाव्या खिशाच्या वर, दोन बोटं.” एवढंच लिहिते आणि गप्प. सातपैकी सात बरोबर! बाबांना सांगितलं तेव्हा त्यांची सुई थांबली.

“हे कुणाला दिसत नसतं. ज्याचा हात बसलाय त्यालाच दिसतं.”

आता रोज सकाळी विचारतात, “काय म्हणतेय तुझी घार?” फोनकडे न बघणारे बाबा!

१९ फेब्रुवारी
नऊ हजार. खिडकीजवळच्या खुर्चीवर गठ्ठे पार पाठीपर्यंत चढलेत. सकाळी मी अक्षरशः नाचले.

दुपारी बाबांनी एकच काळा कोट तीनदा उसवला. काळ्यावर काळा धागा त्यांना दिसत नाही. दोन वर्षं झाली म्हणे! कुणाला बोलले नाहीत. आणि आलेल्यातलं निम्मं काम काळं. कामं नव्हती म्हणून दुकान बंद पडणार होतं, आता कामं आली म्हणून पडणार. ही गर्दी मीच आणली.

“मला शिकवा,” म्हटलं.
“दहा वर्षं लागतात, बाई.”

२२ फेब्रुवारी
बाबा स्वतःहून म्हणाले, “त्या घारीला विचार. येईल का म्हणावं कामाला.” लगेच लिहिलं. उत्तर नाही.

१ मार्च
उत्तर नाही. कोडीसुद्धा सोडवत नाही आता. मी घाबरवलं वाटतं तिला. बाबा चष्मा पुसत बसतात.

५ मार्च
टाकायला पुरं झालेलं काहीच नव्हतं. कपाटात माझा लहानपणचा लाल लोकरी कोट सापडला, त्याचाच फोटो टाकला. बाबा भडकले. “हा कधी फाटलाच नव्हता! लोकांना फसवतेस?” म्हटलं, असू दे, गंमत.

६ मार्च
घार बोलली.

“उजव्या कोपराच्या आत. कुंपणाला अडकला होता. बाबा ओरडतील म्हणून तू रडत होतीस. ते माल आणायला गेले होते, त्या दुपारी त्यांच्याच सुईने केलं. त्यांना विचार, येऊ का.”

तीनदा वाचलं. मग बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कोट भिंगाखाली धरला. सुलटा, मग उलटा. “सापडत नाही,” म्हणाले. मग डोळे मिटून कोपरावरून अंगठा फिरवत राहिले, कितीतरी वेळ.

“खिडकीजवळची खुर्ची रिकामी कर,” म्हणाले. “काळं काम सगळं तिच्याकडे.”