चंद्रीनं तोंड फिरवलं

चि. ईरप्पा यास, कोल्हापुराहून तुझ्या आक्काचा, म्हणजे शांतव्वाचा, आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

गुडघे कसे आहेत? कवळी तोंडात बसली, की अजून कोनाड्यातच हसतीय? फोनवर विचारलं असतं. पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की तू "बरं झालं" म्हणतोस. मागच्या खेपेला मी न्हाणीत घसरून पडले म्हणून सांगितलं, तेव्हाही तू "बरं झालं" म्हणालास. म्हणून हे पत्र. मी बोलते आणि सून विद्याश्री लिहिते. (माझं "हाय" खोडून ती "आहे" करते. पत्र इस्त्री केल्यासारखं लागलं तर दोष तिचा.) आम्ही इकडं झकास आहोत. मला तुझ्याकडून काही नको, हे आधीच सांगून ठेवते.

तुझा निरोप पोचला की, आक्का, पाणी बिघडलंय तर मळा विकून टाक आणि गडहिंग्लजला येऊन राहा. तम्मा, धाकटा भाऊ म्हणून तुझ्या मायेला मी नावं ठेवत नाही. पण घाण केली गावानं आणि घर सोडायचं मी? शिवाय तुझ्या बायकोच्या हातची आमटी मी पाहुणी म्हणून दोन दिवस खाऊ शकते, जन्मभर नाही. (हे वाचून दाखवताना गाळ.)

मळ्याच्या वरच्या अंगाचा कचरा डेपो तुला आठवतच असेल. आमच्याकडं जेवायला बसलास की तू नाकावर उपरणं धरायचास. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. बंद झाला म्हणजे नवा कचरा यायचा थांबला. जुना कुठं जाईल? त्याच्यावर मुरूम ओढून तो झाकला. आत तो लोणच्यासारखा मुरतोय, आणि पाऊस पडला की खार सुटतो, काळा, तेलकट. तो उतरतो सरळ आपल्या विहिरीत. ह्यांनी सुरुंग लावून खणलेली विहीर. रस्त्यानं जाणारं पावणं मुद्दाम थांबून तिचं पाणी पिऊन जायचं. आता तिला फेस येतो. त्यात धुणं धुऊन विद्याश्रीच्या हाताची सालं निघाली. प्यायला टँकर. तो येतो महापालिकेच्या कचेरीच्या लहरीनं, म्हणजे साहेबाला झोप चांगली लागली तर.

साहेबाचं नाव ऋतुराज. पोरगा दिसायला देखणा आणि बोलायला गूळ. विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं आणि महिन्यानं येऊन म्हणाला, "आजी, पाण्यात जरा लोह जास्त आहे, बाकी काही नाही. लोह अंगाला चांगलंच असतं." मी म्हटलं, "मग साहेब, तुम्ही लई वाळलाय. एक घागर देऊ का बांधून?" तेवढ्यात त्याला फोन आला. (ह्या लोकांचे फोन असे वेळेवर कसे येतात? तुझा आमच्याकडं कधी लागत नाही.)

पुढं ऐक. त्या डेपोच्या डोंगरावर त्यांनी हिरवळ अंथरली, बाकडी मांडली, चालायला फरशीची वाट केली, आणि वर पाटी लावली म्हणे, "ऑक्सिजन पार्क". मधोमध कारंजं, त्याला पाणी डोंगराच्या पायथ्याच्या बोअरचं. म्हणजे आपल्या विहिरीचं सख्खं भावंड. उद्घाटन ठेवलं दिवाळी पाडव्याला. आणि कुणाच्या डोक्यातनं निघालं देव जाणे, पण साहेब आमच्या दारात येऊन म्हणाला, "आजी, पाडव्याला तुम्ही म्हशी सजवून मिरवता, तशाच त्या बागेत आणा. मोठे पाहुणे म्हशीला स्वतःच्या हातानं पाणी पाजतील. फोटो छान येईल."

मी म्हटलं, "आणतो की."

आमच्या चंद्रीला तू बघितलंयस. तिची शिंगं हिंगुळानं रंगवली, मोरपिसं खोवली, गळ्यात कवड्यांची माळ घातली, पाठीवरचे केस कातरून फुलं काढली. तुझ्या लग्नात तुझी बायको एवढी नटली नव्हती. शेजारचा पिराजी आपल्या म्हशी घेऊन निघाला, सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटरसायकलवर बसून. तो पुढं फटफटत आणि म्हशी मागनं धावत, असं आमचं वऱ्हाड त्या ऑक्सिजनात शिरलं. लोक हीऽऽ म्हणून जमलेले. हलगी कडाडत होती. पाहुण्यांनी पितळी घमेलं कारंज्यात बुडवून भरलं, फोटोवाल्याकडं बघून हसले आणि चंद्रीच्या तोंडापुढं धरलं.

चंद्रीनं वास घेतला. वरचा ओठ मुडपला. आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या जाकिटावर अशी शिंकली की हलगीवाल्याचा हात थांबला. मग तिनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. पिराजीची एक म्हैस पुढं केली, ती घमेल्यापासनं मागं सरत सरत पोलिसाच्या पायावर उभी राहिली. दुसरीनं घमेलंच लाथाडलं.

साहेब म्हणाला, "तहान नसेल त्यांना."

मी म्हटलं, "मग लागंपर्यंत बसतो की. आम्हाला कुठं गाडी गाठायची हाय?"

आणि बसलो. वस्तीवरच्या आम्ही सगळ्या बायका शेंगा फोडत बाकड्यांवर, म्हशी लांब दाव्यानं बाकड्यांच्या पायाला. म्हशींना ती हिरवळ फार आवडली, ईरप्पा. विकतची असणार. त्या एका दमात चरत गेल्या आणि खुरानं उकरत गेल्या, आणि गादीवरची चादर ओढावी तशी खालनं सगळी दौलत वर आली: चपला, पिशव्या, सलाईनच्या नळ्या. खुराच्या खड्ड्यांत काळं पाणी भरलं. पाहुणे नाकाला रुमाल लावून गाडीत बसले. नारळ तसाच राहिला. (तो पिराजीनं आणला. बर्फी केली.)

साहेबाचा चेहरा बघवत नव्हता. चारचौघांत मला म्हणाला, "आजी, ही म्हैस शिकवलेली आहे." मी म्हटलं, "मला एक अक्षर येत न्हाय, मी म्हशीला काय शिकवणार? आणि ती शिकली असती तर तुमच्या खुर्चीत बसली असती की." लोक हसले तसा तो आणखी पेटला. म्हणाला, तुमच्या म्हशींना ह्या पाण्याची अढी बसलीय, ही परीक्षाच खरी नाही. परगावची म्हैस आणा, हे पाणी कधी न हुंगलेली. तिनं तोंड फिरवलं तर बागेला कुलूप घालतो, डोंगराचा खार अडवायला चर मारून देतो आणि तुमच्या वस्तीला नळ देतो. आणि ती प्यायली, तर पुन्हा कचेरीची पायरी चढायची नाही, टँकरही मागायचा नाही. सगळ्यांच्या देखत बोलला. आणि मीही सगळ्यांच्या देखत "व्हय" म्हटलं. येत्या सोमवारी.

तेव्हा मळा विकायचं नाव पुन्हा काढू नकोस. मी इथं लढायला बसलीय, तुझ्या ओसरीवर जपमाळ ओढायला नाही. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी आक्का,
शांतव्वा
(अंगठा माझाच आहे. शाई जास्त झाली.)

ता. क. मला काही नको म्हटलं ते खरंच. फक्त तुझी काशी हवी. तिनं आयुष्यात गडहिंग्लजच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही, म्हणजे साक्षीला तिच्यासारखी कोण मिळणार? टेम्पोत घालून सोमवारी सकाळी घेऊन ये. "काशीला प्रवास सोसणार नाही" म्हणू नकोस. तू बहिणीपेक्षा म्हशीला जास्त जपतोस हे मला आपल्या लहानपणापासनं ठाऊक आहे.

ता. क. आणखी एक, कानात सांगितल्यासारखं. कागलला टेम्पो थांबव आणि तिला पोट तट्ट फुगेपर्यंत चांगलं पाणी पाज. बाकी तू समजून घे.

ता. क. मामा, हे मी विद्याश्री लिहितेय, माझ्या मनानं. आत्ती एक गोष्ट बोलल्या नाहीत. पाडव्याला निघताना त्यांनी चंद्रीला टँकरचं पाणी बादल्यांनी पाजलं होतं. पिराजीभावजींच्या म्हशींचं त्यांना माहीत. साहेब म्हणाले ते अगदीच खोटं नव्हतं.

म्हणून सांगते, कागलला थांबू नका. काशीला पाणी दाखवूही नका, तहानलेलीच आणा. आत्तींना वाटतं, म्हशीला जरा मदत करावी लागेल. मला नाही वाटत. मी त्या पाण्यात रोज हात घालते. काशी कितीही तहानलेली असू द्या, ती तोंड लावणार नाही.

आत्ती विचारतायत, एवढं काय लिहितेस गं? "सगळ्यांना नमस्कार" लिहितेय म्हणून सांगितलं. तेव्हा, सगळ्यांना नमस्कार.