‘लक्षात ठेवा’ची खूण

ता. ४ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

तू पाठवलेली पासवर्डची चौकट चालू झाली. आतापर्यंत काउंटरवरून मागच्या खोलीतल्या काँप्युटरमधले फोटो उघडायला गेलं, की तुमचं ते फुकटचं सॉफ्टवेअर ‘परवानगी नाही’ म्हणून तोंड फिरवायचं, आणि स्टुडिओत गिऱ्हाईक आलं की मी मागेपुढे धावायचे. आता ते शहाण्यासारखं पासवर्ड विचारतं. बाबांना बसल्या जागी फोटो मिळतात, म्हणजे सुटले बाई, असं मला वाटलं.

कसली सुटतेय! बाबांना पासवर्ड आठवतच नाही. रोज सकाळी हाक मारतात, मी शेजारी उभी राहून सांगते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संग्रहालयात जुने फोटो दुरुस्त करायची नोकरी मिळालीय, अगदी माझ्या हातचं काम. एक तारखेला हजर व्हायचंय. पण असं विसरणाऱ्या माणसाला एकटं कसं टाकू? आई असती तर गोष्ट वेगळी होती. काहीतरी कर.

तब्येत सांभाळ, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

ता. ११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. ऑफिसातून आलो की या सॉफ्टवेअरच्या तक्रारी निस्तरत बसतो. पगार कोणी देत नाही, ओरडायला मात्र सगळे पुढे. सोडावं म्हटलं तर सांभाळायला दुसरं कोणी नाही. अडकण्यात तू एकटी नाहीस.

उपाय चौकटीतच आहे. खाली ‘लक्षात ठेवा’ लिहिलंय, तिथे मी आधीच खूण करून ठेवलीय. एकदा पासवर्ड दिला की पुन्हा विचारायला नको. तरी विचारतंय, म्हणजे ती खूण रोज कोणीतरी काढतंय. आता मला सांग, विसरभोळा माणूस रोज न विसरता खूण कशी काढेल? जरा लपून बघ. नोकरीला नाही म्हणू नकोस.

बाबांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ आणि ओरडा दोन्ही चालू ठेव.
तुझा धाकटा

ता. १९ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

बघितलं. बँकेत जाते असं सांगून पडद्याआड थांबले. बाबांनी चष्मा लावला, खूण काढली, आणि न अडखळता पासवर्ड टाइप केला. गिऱ्हाईक फोटो घेऊन गेलंसुद्धा.

मी भयंकर चिडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “विचारलं की तू येतेस.” पूर्वी मी फोटो घेऊन दिवसभर त्यांच्यापाशी यायचे, दोन शब्द बोलायचे. तुझी चौकट आल्यापासून ते पुढे आणि मी मागे. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आज सकाळी त्यांनी हाक मारली नाही. चौकट समोर उघडी आणि हात मांडीवर. मी मागच्या खोलीत बराच वेळ बसून राहिले. मग गेले आणि पासवर्ड सांगितला. त्यांनी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा टाइप केला. खूण त्यांनी काढली, मी बघितलं नाही.

संग्रहालयाला नकार लगेच कळवला, नाहीतर मन बदललं असतं. खूप रडले. तू त्या चौकटीत आता काही सुधारू नकोस.

आठवण ठेव.
तुझी ताई