नाटकाच्या डिग्रीची तीन कोटेशनं

२ मे
साहेबांनी आज जेवताना बॉम्ब टाकला. साहेब म्हणजे आमची मुलगी. बोलायला लागल्यापासून घरात तिचेच हुकूम चालतात, म्हणून मी ठेवलेलं नाव. विद्यापीठाच्या नाट्य विभागात तिची निवड झालीय. तीन वर्षांची डिग्री. फीसाठी एज्युकेशन लोन. अर्ज तिने परस्पर केलाय, फक्त जामीनदाराची सही बाकी. जामीनदार म्हणजे मी. फीची शेवटची तारीख ३० मे.
मी शांतपणे ऐकून घेतलं. ही म्हणते, मी ग्लास आपटला. ग्लास खाली ठेवताना आवाज होतोच.

३ मे
घाई करायची नाही. पंपाच्या कारखान्यात इतकी वर्षं परचेस सांभाळतोय, तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा झाडू घेतलेला नाही. इथेही तेच. ही डिग्री घेतलेली माणसं गाठायची, कमाई किती आणि कर्ज किती ते विचारायचं. पूर्ण निःपक्षपातीपणे. मग साहेबांना नकार सांगायचा.

४ मे
साहेबांना सांगितलं, महिनाअखेर निकाल देतो. ती म्हणाली, निकाल? मी काय परीक्षेला बसलेय का? ताट उचलून आत गेली.
घरात टेन्शन आहे. ही भाजी चिरते त्याचाही आवाज वाढलाय. मी मात्र नॉर्मल. फक्त झोप लागत नाही, ती उकाड्यामुळे.

९ मे
कोटेशन पहिलं. मेहुण्याच्या ओळखीतला मुलगा. डिग्री घेऊन सात वर्षं झाली. आता बिल्डरकडे फ्लॅट विकतो. सँपल फ्लॅटच्या सोफ्यावर असा बसतो की जणू तिथेच लहानाचा मोठा झालाय. कर्ज फिटलंय. पगार माझ्याहून जास्त, पण तो मुद्दा वेगळा.
विचारलं, शेवटचं नाटक कधी केलंस? त्याने खिडकीचा पडदा सरकवला. मग म्हणाला, काका, लिफ्ट दोन आहेत.
येताना टू बीएचकेचं ब्रोशर घेऊन आलो. नको म्हणवेना.
निष्कर्ष : कमाई आहे, पण डिग्रीची नाही. माझा अंदाज बरोबर निघतोय.

१० मे
साहेब माझ्याशी हिच्यामार्फत बोलतात. तिघं एकाच टेबलाशी बसलेलो असताना. "बाबांना सांग, मीठ सरकवा." मी मीठ सरकवलं, पण हिच्याकडे.

१४ मे
कोटेशन दुसरं. एक बाई. चार वर्षांपूर्वी पास. दोन शाळांमध्ये नाटक शिकवते, उरलेल्या वेळात नाटकांची प्रकाशयोजना करते. तालमीच्या हॉलवर गाठलं. शिडीवर होती, उतरलीच नाही. वरूनच सगळे आकडे सांगितले. काही महिने बरे जातात, काही महिने हप्ता तिची आई भरते. कर्ज निम्मं बाकी. लपवाछपवी नाही. आमच्या सप्लायर लोकांनी या बाईकडून शिकावं.
मी म्हटलं, मग पस्तावा होत असेल. तिने एक दिवा फिरवून घट्ट केला. म्हणाली, पहिल्या तारखेला होतो. पाच तारखेपर्यंत जातो.
तेवढ्यात कळलं, एक नट आजारी आहे. मला म्हणाली, काका, नुसते उभे राहा आणि कागदावरचं वाचा. भूमिका दरवानाची. वाक्यं चार. "कोण आहे?" हे मी असं म्हटलं की हॉलमधली कुजबुज थांबली. दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. आवाज पोचत नव्हता म्हणून, असं कोणीतरी म्हणालं, पण मला वाटतं आवडलं होतं.
परत येताना स्कूटरवर चारही वाक्यं म्हटली. सिग्नलला एक जण बाजूला सरकला.

१५ मे
कालच्या नोंदीत कमाई-कर्ज लिहायचं राहिलं. कमाई अनियमित. कर्ज चालू. म्हणजे नकारच.
दरवानाचं पात्र तसं पाहिलं तर नाटकाचा कणा आहे.

१८ मे
कोटेशन तिसरं. मिळेना. शेवटी आमच्या डिस्पॅचच्या हेडला गाठलं. त्याच्या मुलालाही हीच डिग्री हवी होती. याने सही केली नाही. मुलगा इंजिनिअर झाला, परदेशात असतो. कर्ज नाही, कटकट नाही. म्हटलं, आपल्या बाजूचा माणूस.
कँटीनमध्ये बसलो. तो म्हणाला, मी केलं ते बरोबरच होतं. मग म्हणाला, मुलगा फोन करतो, बीपी विचारतो. मग फोन काढून मुलाचे मेसेज दाखवले. सगळे अंगठे. मी वर सरकवत गेलो. अंगठेच. दिवाळखोर पार्टीचं खातं बघावं तसं वाटलं.
चहा त्याने दिला. पैसे देताना पुन्हा म्हणाला, बरोबरच होतं.

१९ मे
रात्रभर उकाडा. निर्णय झाला. सही करायची.
मन वगैरे बदललेलं नाही. तिन्ही कोटेशनं समोर ठेवून घेतलेला हा व्यावहारिक निर्णय आहे.

२१ मे
हाफ डे टाकून बँकेत गेलो. सही केली. लोन मंजूर. बँकेच्या बाईंना विनंती केली, मुलीला इतक्यात कळवू नका, सरप्राइज आहे. त्या म्हणाल्या, लोनचं सरप्राइज पहिल्यांदाच बघतेय.
प्लॅन : रविवारी मेहुणा आणि त्याची बायको जेवायला येतायत. जेवण झाल्यावर मी उभा राहणार. छोटंसं भाषण. मग घोषणा. अशा गोष्टी मीठ सरकवत सांगायच्या नसतात.
हिलाही सांगितलेलं नाही. हिच्या पोटात काही राहत नाही.

२२ मे
घोषणेचा इफेक्ट वाढवायचा तर आधी विरुद्ध वातावरण हवं. म्हणून जेवताना मुद्दाम म्हणालो, नाटकाने कोणाचं घर चाललंय? ते फ्लॅट विकणारं उदाहरण दिलं. शिडीवरच्या बाईचा हप्ता तिची आई भरते, हेही सांगितलं. चेहरा इतका कडक ठेवला की गाल दुखले.
साहेबांनी सगळं नीट ऐकलं. जेवण झाल्यावर स्वतःचं ताट घासून ठेवलं, मग माझंही.
जमलं. पूर्ण विश्वास बसला तिचा.

२३ मे
साहेब सकाळी आवरून कुठेतरी जाऊन आल्या. विचारलं नाही. घाई केली तर रंग उतरतो.
दुपारी गोडाऊनमध्ये भाषणाची तालीम. बेअरिंगच्या खोक्यांसमोर. उत्तम.

२४ मे
ही म्हणाली, पोरीला काय ते एकदा स्पष्ट सांगून टाका, जीव टांगणीला लागलाय तिचा. मी नुसता हसलो. ही म्हणाली, हसताय काय?

२६ मे, रविवार
जेवणं झाली. मी उठून उभा राहिलो. खाकरलो. साहेब म्हणाल्या, बाबा, एक मिनिट, आधी मी सांगते.
इन्शुरन्स कंपनीच्या ऑफिसात तिला नोकरी लागलीय. उद्यापासून जायचंय. विद्यापीठातली सीट गुरुवारीच सोडली. म्हणाली, बाबांनी एवढे हेलपाटे घातले, माणसांना भेटले, मग मीही हिशोब मांडून बघितला. बाबांचं बरोबर आहे.
मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, बाप असावा तर असा. मी उभाच होतो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, छान.
भाषण सव्वा पानाचं होतं.

२७ मे
ऑफिसच्या जिन्यातून विद्यापीठात फोन केला. सीट वेटिंग लिस्टमधल्या मुलाला गेली. त्याने त्याच दिवशी फी भरली. म्हटलं, एखादी जास्तीची? तिथला क्लार्क म्हणाला, काका, ही बस आहे का, दांडा धरून उभं राहायला? पुढच्या वर्षी परीक्षा द्या म्हणावं.

२९ मे, संध्याकाळ
सांगितलं. स्वयंपाकघरात. ही कणीक मळत होती, तिचे हात थांबले.
साहेबांनी विचारलं, सही कधी केलीत? म्हटलं, मंगळवारी. तिने बोटांवर वार मोजले. मग म्हणाली, मी गुरुवारी गेले होते. म्हटलं, हो. म्हणाली, आणि मधल्या बुधवारी तुम्ही जेवताना ते सगळं बोललात. म्हटलं, ते वातावरणनिर्मितीसाठी.
वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, मग कसं सांगणार होतात? मी म्हटलं, जाऊ दे आता. ती म्हणाली, नाही, करून दाखवा.
स्टुलावर बसली. ऑफिसची ओळखपत्राची दोरी अजून गळ्यात होती. मी फ्रिजपाशी उभा राहिलो. सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी आल्या. तिसरी येईना. तिसरीत तिचं नाव होतं. उरलेलं नुसतं सांगून टाकलं, की तू जा, मी आहे.
तिने शेवटपर्यंत बघितलं. मग उठली, माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. म्हणाली, सुरुवातीला घाई झाली, बाबा. शेवट बरा होता.
आत गेली. उद्यासाठी कपडे इस्त्री करतेय. तिला साडेसातला निघायचंय.